उत्तरेस गेलेला पूर्वज आणि नाशिकची वही



महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांत एक तरी पुरुष असा असतो कीं, ज्याच्याविषयीं घरांत एकच वाक्य उरलेलें असतें : ‘ते उत्तरेस गेले.’ कोणाच्या पथकांतून गेले, कोठवर गेले, परत आले कीं नाहीं, असें विचारूं लागल्यास वडीलधारी माणसें देव्हाऱ्यांतील एखाद्या टाकाकडे किंवा गंजलेल्या तलवारीकडे बोट दाखवितात, आणि तेथें माहिती संपते. अशा पुरुषाचा माग कसा काढावा, आणि त्या कामीं आमच्या नाशिक व त्र्यंबक क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा उपयोग किती व कसा होतो, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम ‘उत्तरेस गेले’ या दोन शब्दांचा विस्तार ध्यानांत घेतला पाहिजे. अठराव्या शतकाच्या मध्यावर मराठ्यांची सरहद्द नर्मदेवर राहिली नव्हती. १७५८ च्या एप्रिलांत रघुनाथराव लाहोरांत होते आणि त्यांच्या फौजा पुढें अटकेपर्यंत पोंचल्या. त्यानंतर तीन वर्षेंही पुरीं झालीं नाहींत तों, १७६१ च्या जानेवारीच्या १४ तारखेस, पानिपतावर सर्व डाव उधळला. या चढउताराशीं नाशिकचा संबंध दूरचा नाहीं. पंचवटींत गोदेच्या कांठीं ज्यांचें देऊळ आपण रोज पाहतों, त्या नारोशंकरांनीं १७४२ च्या सुमारास झांशीची सुभेदारी सांभाळली आणि तेथील किल्ल्याचा शंकरगड म्हणून ओळखला जाणारा भाग बांधला. १७६० सालीं भाऊसाहेबांनीं दिल्ली घेतली तेव्हां तेथील बंदोबस्त त्यांनीं याच नारोशंकरांकडे सोंपविला. विंचूरचे विठ्ठल शिवदेव पानिपताच्या रणांतून परत आले. लाहोर घेणारे रघुनाथराव पुढें नाशिकजवळ आनंदवल्लीस वाडा बांधून राहिले. आणि ज्यांचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला, त्या गोपिकाबाईंनीं आपलें उत्तर आयुष्य येथून जवळच गंगापुरास आणि पंचवटींत घालविलें. सरहद्दीवर सर्वांत दूर गेलेला सेनापति आणि त्या सरहद्दीवर मुलगा गमावलेली माता, या दोघांनाही अखेर याच नदीचा कांठ जवळचा वाटला.

पण हीं सर्व नांवें सरदारांचीं. सरदारांसाठीं इतिहास पुरेसा जागा ठेवतो. प्रश्न आहे तो त्यांच्याबरोबर गेलेल्या शिलेदाराचा, कारकुनाचा, आचाऱ्याचा, भालदाराचा. त्यांचीं नांवें बखरींत येत नाहींत. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पानिपतपूर्वीचा पत्रव्यवहार लोकांपुढें आणला. पुढें गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० पासून चार-पांच वर्षांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. या अफाट साहित्यांतही सामान्य स्वाराचें घर शोधूं गेल्यास फार थोडें हातीं लागतें. त्याचें कारण असें कीं, कोणताही कागद जो प्रश्न विचारण्यासाठीं जन्मास आला तेवढ्याचेंच उत्तर देतो. फौजेची हजिरी विचारते, घोडीं किती व माणसें किती. जमाखर्च विचारतो, पैसा कोणास पोंचला. ‘तूं कोणाचा मुलगा आणि कोणाचा नातू’ हा प्रश्न या कागदांचा नव्हे. तो प्रश्न विचारणारी वही निराळी आहे, आणि ती क्षेत्रांत आहे.

दुसऱ्या देशांतील लोक हीच अडचण कशी सोडवितात हें पाहणें बोधप्रद आहे. इंग्लंड, आयर्लंड आणि अमेरिका येथील पुष्कळ कुटुंबांत आपल्यासारखाच एखादा पूर्वज असतो : कोणी पलटणीबरोबर हिंदुस्थानांत आलेला, कोणी अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील अरण्यांत गेलेला. तेथें गांवचें चर्च नव्हतें, कचेरी नव्हती, जन्ममृत्यूची नोंद नव्हती. अशा माणसाचा शोध करणारे लोक फ्रीमेसन नांवाच्या बंधुसभेचीं दप्तरें उघडतात. या सभेच्या स्थानिक शाखेस लॉज म्हणतात. सभासद एका गांवाहून दुसऱ्या गांवीं गेला कीं तो आपल्या पहिल्या लॉजचा दाखला बरोबर नेई आणि नव्या लॉजांत तो दाखवून प्रवेश मिळवी. यामुळें, इतर कोणत्याही कागदांत ज्याचा ठावठिकाणा नाहीं, त्याचें नांव, वय, धंदा, राहण्याचें ठिकाण आणि दीक्षेची तारीख लॉजच्या वहींत मिळूं शकते.

या वह्या टिकल्या कशा, तेंही पाहण्यासारखें आहे. आयर्लंडच्या मुख्य लॉजनें १७३२ सालीं एका पलटणीस फिरत्या लॉजची सनद दिली. तेव्हांपासून पलटण जेथें जाईल तेथें लॉज व लॉजची वही जाऊं लागली. केंटकी हें संस्थान १७९२ सालीं अमेरिकेच्या संघांत सामील झालें. पण त्यांतील लेक्सिंग्टन गांवच्या लॉजला व्हर्जिनियाच्या मुख्य लॉजनें त्याच्या चार वर्षें आधींच, १७८८ सालीं, सनद दिली होती. म्हणजे राज्य स्थापन होण्यापूर्वीं सभासदांची यादी सुरू झाली. आणि १७९९ सालीं ब्रिटिश सरकारनें गुप्त मंडळ्यांच्या धास्तीनें कायदा केला, तेव्हां फ्रीमेसनांना त्यांतून सूट दिली ती एका अटीवर : प्रत्येक लॉजनें आपल्या सभासदांचीं नांवें, राहण्याचीं ठिकाणें व धंदे दरवर्षीं सरकारी अधिकाऱ्याकडे लिहून द्यावे. राज्यकर्त्यांच्या संशयानें जी यादी करविली तीच आज नातवंडांच्या उपयोगी पडते.

हिंदुस्थानांतही हा धागा आला. डॉ. जेम्स बर्न्स यांनीं १८४३ सालीं मुंबईस हिंदी लोकांना प्रवेश देणारें लॉज स्थापन केलें. त्यांचे बंधु अलेक्झांडर बर्न्स दोनच वर्षांपूर्वीं काबुलांत मारले गेले होते. पुढें १८८६ सालीं रुडयार्ड किप्लिंग यांस फ्रीमेसनची दीक्षा मिळाली ती लाहोरांत. ज्या लाहोरांत १७५८ सालीं मराठी शिलेदार उतरला, त्याच लाहोरांतील इंग्रज बातमीदाराचा दिवस आपणांस सांगतां येतो आणि शिलेदाराचा सांगतां येत नाहीं. तो दिवस नाहीं, तरी त्याचें घर आपणांस सांपडूं शकतें; कारण आपल्याकडेही माणसाच्या बरोबर जाणारी नसली तरी त्याच्या वंशजाची वाट पाहणारी एक वही होती.

आतां त्या वहीकडे येऊं. नाशिकास रामकुंडावर आणि त्र्यंबकास कुशावर्तावर जो यात्रेकरू येतो, त्यास पहिला प्रश्न विचारला जातो तो आडनांवाचा, मूळ गांवाचा व जातीचा. कोणत्या गांवचें कोणतें घराणें कोणत्या उपाध्यायाचें यजमान, हें परंपरेनें ठरलेलें असतें. ठिकाण लागलें कीं उपाध्याय आपल्या घरची नामावळी काढतात. पूर्वीं त्या घराण्यांतील कोण कोण केव्हां आले होते, कोणाबरोबर आले, त्यांचे बाप, आजे, भाऊ, मुलगे कोण, हें तींत लिहिलेलें असतें. आणि पुष्कळदां तें त्या यात्रेकरूच्या स्वतःच्या हातचें असतें. लेखाच्या शेवटीं, आमच्या वंशांतील जो कोणी या क्षेत्रीं येईल त्यानें यांनाच उपाध्याय मानावें, अशा आशयाचा मजकूर असतो. लिपि बहुधा मोडी. जुनी वही जीर्ण झाली म्हणजे तिच्यांतील लेख नव्या वहींत उतरून घेतात.

ही वही उपाध्यायानें इतिहासासाठीं लिहिली नाहीं. यजमान ही त्याची वृत्ति आहे, आणि वहींतील लेख हा त्या वृत्तीचा पुरावा आहे. एक यजमान हा माझा कीं दुसऱ्याचा, असा तंटा पडला म्हणजे वही पुढें मांडावी लागते. यामुळें खोटें नांव लिहिण्यांत उपाध्यायाचा लाभ नव्हता. उलट, पुढच्या पिढीचा यजमान अचूक ओळखतां यावा म्हणून खरें व पुरतें लिहिण्यांतच त्याचा स्वार्थ होता. यजमानासही, ज्या पितरांस पिंड द्यावयाचा त्यांचीं नांवें चुकीचीं सांगणें परवडणारें नव्हतें. एकाचा स्वार्थ आणि दुसऱ्याची श्रद्धा या दोहोंच्या मध्यें सत्य सुरक्षित राहिलें. लॉजच्या वहीचें मर्मही हेंच आहे. आपल्या कामासाठीं लिहिलेला कागद कीर्तीसाठीं लिहिलेल्या कागदापेक्षां विश्वासू असतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरांतच असतें. ट्रंकेंत जपून ठेवलेली वंशावळ पुष्कळ घराण्यांत प्रमाण मानतात. ती केव्हां व कशासाठीं लिहिली गेली हें मात्र कोणी पाहत नाहीं. इंग्रज सरकारनें १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी चालविली, तेव्हां शेंकडों घराण्यांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठीं वंशावळी व कैफियती सादर कराव्या लागल्या. इनाम टिकावें हा त्यांचा हेतु. ज्या शाखेचा इनामाशीं संबंध नाहीं ती गाळण्याचा, दत्तकाचा प्रश्न सौम्य करण्याचा, मूळ पुरुषास मोठी सनद मिळाल्याचें सांगण्याचा मोह अशा कागदांत स्वाभाविक असतो. उत्तरेस जाऊन निःसंतान वारलेला धाकटा भाऊ हा अशा वंशावळींत पहिल्यानें गळतो, कारण इनामाच्या वांटणींत त्याचें काम नाहीं. श्राद्धांत मात्र त्याचें काम आहे. तीर्थश्राद्धांत बाप, आजा, पणजा आणि आई, आजी, पणजी यांच्याबरोबरच आईकडचे पितर येतात, आणि पुढें चुलता, भाऊ, मामा अशा आप्तांसही पिंड देतात. ज्याला मुलगा नव्हता अशा शिलेदाराचें नांव पुतण्याच्या तोंडून क्षेत्रांत उच्चारलें जातें, आणि कांहीं वेळां तें वहींतही उतरतें.

आतां शोधाच्या पद्धतीविषयीं. पहिली गोष्ट आडनांवाची. आजचें आडनांव घेऊन दोनशें वर्षांपूर्वींची वही पाहूं गेल्यास निराशा होण्याचा संभव फार. राजेबहादूर हें नांव पदवीवरून आलें. विंचूरकर हें नांव जहागिरीच्या गांवावरून आलें. पदवी व जहागीर मिळण्यापूर्वींचा पुरुष त्या नांवाखालीं सांपडणार कसा ? झांशीचें नेवाळकर घराणें मूळ कोंकणांतलें. तेथून तें खानदेशांत पारोळ्यास आलें आणि मग झांशीच्या सुभेदारीवर गेलें. १८५७ ची राणी लक्ष्मीबाई ही याच घराण्याची सून. अशा घराण्याचा माग काढणाऱ्यास कोंकण, खानदेश व बुंदेलखंड अशा तिन्ही ठिकाणच्या नांवांनीं चौकशी करावी लागेल. म्हणून घरांतून निघण्यापूर्वीं गोत्र, कुलदैवत, मूळ गांव, पूर्वींचीं उपनांवें आणि वतनाचें नांव, इतकें टिपून घ्यावें. आडनांव बदलतें; गोत्र व कुलदैवत सहसा बदलत नाहीं.

दुसरी गोष्ट कालगणनेची. शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो, हें आपण शाळेंत शिकलों. पण जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या दिवसांस ७९ मिळवावे लागतात. पानिपताचा दिवस शके १६८२, विक्रम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी हा आहे. ७८ मिळविल्यास १७६० येतील आणि शोध एक वर्ष चुकेल. दप्तरी कागदांत याच वर्षास इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे सुहूर सन ११६१ म्हणतात. हा सन मृगाला बदलतो, म्हणून त्यांत डिसेंबर अखेरपर्यंत ५९९ आणि पुढें ६०० मिळवावे. नुसतें संवत्सराचें नांव दिलें असेल तर अधिक जपावें, कारण तेंच नांव साठ वर्षांनीं परत येतें, आणि साठ वर्षांत आज्याच्या नांवाचा नातू क्षेत्रीं आलेला असतो.

तिसरी गोष्ट मी मुद्दाम विस्तारानें सांगतों, कारण या शोधाची खरी किल्ली तींत आहे. जो रणांत पडला आणि ज्याचें प्रेत पाहिलेलें आहे, त्याचें श्राद्ध त्या तिथीस सुरू होतें. आपल्या घरीं पौष शुद्ध अष्टमीस कोणा जुन्या पुरुषाची तिथि पाळीत असतील, तर ती नुसती रूढि समजूं नये. तो पुरावा आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीस शस्त्रानें मारल्या गेलेल्यांचें श्राद्ध करण्याची चाल आहे. पितृपंधरवड्यांत तुमच्या घरीं त्या दिवशीं पान वाढीत असतील, तर तें कोणासाठीं हें विचारावें. पण पानिपतावरून किती घरीं निश्चित बातमी आली ? कोणी पडला, कोणी कैद झाला, कोणी जाटांच्या मुलखांत आश्रयास राहिला. ज्याची बातमीच नाहीं त्याचें काय करावयाचें ?

धर्मशास्त्राचें उत्तर असें कीं, बारा वर्षें वाट पाहावी. तेवढ्या अवधींत वार्ता न आल्यास दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नि द्यावा आणि पुढील क्रिया करावी. यास पालाशविधि म्हणतात. ज्यांचें और्ध्वदेहिक यथाविधि झालें नाहीं त्यांच्यासाठीं नारायणबलि सांगितला आहे, आणि तो विधि त्र्यंबकास करण्याची परंपरा आजही चालू आहे. याचा अर्थ संशोधकानें नीट समजून घ्यावा. १७६१ सालीं बेपत्ता झालेल्या माणसाचा लेख १७६१ सालच्या पानांत शोधून उपयोग नाहीं. शके १६९४ नंतरचीं, म्हणजे १७७३ पासून पुढचीं पानें पाहिलीं पाहिजेत. त्या वेळीं त्याचा मुलगा कर्ता झालेला असेल, आणि क्षेत्रीं येऊन बापाचें नांव सांगणारा तोच असेल.

या बारा वर्षांत घराघरांतून काय चाललें असेल याची कल्पना एका राजघराण्याच्या उदाहरणावरून येते. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं वैधव्य मानलें नाहीं. पुढें भाऊसाहेब म्हणून एक तोतया उठला, त्याला माणसें मिळालीं, किल्ले मिळाले, आणि अखेर १७७६ सालीं त्यास देहांत शासन झालें. पार्वतीबाई १७८३ सालीं वारल्या. पेशव्यांच्या घरांत, जेथें बातमीदारांची वाण नव्हती, तेथें ही अवस्था. मग खेड्यांतल्या शिलेदाराच्या बायकोची कथा काय सांगावी? वहींतल्या एका ओळीच्या आधीं कुंकू पुसावें कीं न पुसावें हा बारा वर्षांचा प्रश्न उभा आहे, हें विसरून ती ओळ वाचूं नये.

एक कल्पित उदाहरण घेऊन या तिन्ही गोष्टी एकत्र करूं. समजा, निफाडकडील एका घराण्यांत मूळ पुरुष ‘पानिपतास गेले’ एवढीच कथा आहे. घरीं पौषांत तिथि नाहीं, पण भाद्रपद वद्य चतुर्दशीस पान वाढतात. त्यावरून शस्त्रानें मृत्यु व निश्चित तिथीचें अज्ञान, असा तर्क होतो. गोत्र व मूळ गांव सांगून उपाध्यायांकडे १७७३ च्या पुढील लेख काढविला, तेव्हां एका मुलानें बाप, आजा व चुलता यांचीं नांवें सांगून विधि केल्याचें दिसलें. आतां बापाचें नांव हातीं आलें. तें घेऊन पुण्यास पेशवे दप्तरांत जावें. लढाईंत पडलेल्यांच्या मुलांस पेशवे सरकार बालपरवेशी म्हणून नेमणूक देत असे. त्या कागदांत बापाचें पथक व सरदार मिळण्याचा संभव असतो. क्षेत्राची वही वंश सांगते, दप्तर चाकरी सांगतें, आणि घरची तिथि मृत्यूचा प्रकार सांगते. तिन्ही साक्षी परस्परांस ओळखत नाहींत. म्हणूनच त्या जुळल्या तर विश्वास ठेवावा, आणि न जुळल्या तर घराण्याचा अभिमान बाजूस ठेवून फेरविचार करावा.

या वह्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्याचे वंशज क्षेत्रीं आलेच नाहींत त्याचा लेख नाहीं. बलुचिस्तानांत डेरा बुगतीच्या मुलखांत मराठा म्हणवणारे लोक आहेत. पानिपताहून कैद करून नेलेल्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा आहे. त्यांचीं नांवें सांगावयास कोणी गोदेवर आलें नाहीं. वहींत बायका आहेत, पण बहुधा सासरच्या नांवानें. माहेरचा धागा तुटलेला असतो. आणि एक मोठा वर्ग असा कीं, जो फौजेबरोबर होता, लढला, ओझें वाहिलें, घोड्यांस दाणापाणी केलें, आणि ज्याला कुंडाच्या पायरीवर व देवळाच्या दारांत मज्जाव होता. १९३० च्या मार्चांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं याच नाशकांत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पांच वर्षें चालला. देवाच्या दारांत ज्यांना उभें राहूं दिलें नाहीं, त्यांच्या पूर्वजांचे लेख आम्हीं जपले असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. लॉजच्या वह्यांचेंही असेंच : त्यांत बायका नाहींत, आणि हिंदी माणसास पुष्कळ वर्षें दार बंद होतें. वही ज्याला आंत घेते त्यालाच स्मरते. इतिहास लिहितांना वहींत काय आहे याबरोबर वहीच्या बाहेर कोण उभें राहिलें, हेंही लिहिलें पाहिजे.

आज या वह्यांची स्थिति काय आहे ? त्या उपाध्याय घराण्यांची खासगी मालमत्ता आहेत, आणि बहुतेकांनीं त्या निष्ठेनें सांभाळल्या आहेत. परंतु कागदास कसर व दमट हवा हे शत्रु आहेत, गोदेस पूर येतात, आणि मोडी शाळांतून गेल्यापासून ती सफाईनें वाचणारे थोडे उरले आहेत. उपाध्यायांचीं मुलें इतर विद्या शिकून परगांवीं जातात, यांत त्यांचा दोष नाहीं. अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळींच्या संस्थेनें हरद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीं सूक्ष्मचित्रें घेतलीं. आपल्या क्षेत्रांतील वह्यांचीं छायाचित्रें घेणें आजच्या साधनांनीं फार सुलभ आहे. मात्र तें काम वहीच्या मालकाची मालकी व वृत्ति मान्य करून, त्यास विश्वासांत घेऊन झालें पाहिजे. ज्या वृत्तीमुळें हे लेख टिकले, तिलाच धक्का देऊन ते हस्तगत करूं पाहणें कृतघ्नपणाचें होईल.

आणि शेवटीं आपल्या हातचें एक काम. २०१५ नंतरचें सिंहस्थ २०२६-२७ चें आहे. नाशिकास किंवा त्र्यंबकास जाण्याचा योग येईल तेव्हां उपाध्यायांची वही पुढें आल्यावर घाईनें सही करून उठूं नये. आपलें पूर्ण नांव, बापाचें व आज्याचें नांव, मूळ गांव, सध्यांचें राहण्याचें ठिकाण आणि धंदा स्पष्ट अक्षरांत लिहावा. आईचें माहेरचें नांव लिहावें. मुलग्यांबरोबर मुलींचीं नांवें लिहावीं. घरांतील कोणी परदेशीं स्थायिक झालें असेल, तर त्या गांवाचें नांव लिहावें. आजची सरहद्द अटकेवर नाहीं. ती लंडनला आहे, न्यूजर्सीला आहे, सिंगापुरास आहे. तेथून शें-दीडशें वर्षांनीं कोणी मुलगी आपल्या पणज्याचें गांव शोधीत गोदेच्या कांठीं येईल, तर तिला ‘ते परदेशीं गेले’ या एका वाक्यापेक्षां अधिक कांहीं मिळावें, हें आपल्या हातीं आहे.